दातांवरचे डाग : आधी ओळख, मग इलाज

लग्नसराई जवळ आली, की दंतवैद्यांच्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘दात पांढरे करून मिळतील का?’ या प्रश्नाला जाणकार दंतवैद्य लगेच होकार देत नाही. डाग कशाचा आहे, हे तो आधी पाहतो. चहाचा, तंबाखूचा, लहानपणी प्यायलेल्या पाण्याचा, एखाद्या औषधाचा, की कधीकाळी पडून मार लागलेल्या दाताचा? आरशात हे सारे डाग सारखेच खटकत असले, तरी त्यांची जागा वेगळी असते आणि म्हणून इलाजही वेगळा. कारण न ओळखता केलेल्या उपायाने पैसे वाया जातात, दाताचे कवच झिजते आणि काही वेळा गंभीर आजाराची पहिली खूणच नजरेआड होते.

शुभ्र दातांचा हा आग्रह सार्वकालिक नाही. जुन्या महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांच्या साजशृंगारात दातवणाला स्थान होते आणि दातवणाचे काम दात काळे करणे हे होते. काळ बदलला, सौंदर्याची कल्पना पालटली. आज जाहिरातींतील दात कागदासारखे पांढरे दिसतात आणि त्यांच्याशी तुलना करून अनेक जण आपल्या निरोगी दातांनाही डागाळलेले समजतात.

निरोगी दाताचा रंग

दाताचा बाहेरचा थर म्हणजे एनॅमल. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ असून वजनाच्या सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. तो अर्धपारदर्शक असतो. त्याच्या आत डेंटिन हा फिकट पिवळसर थर असतो. आपल्याला दिसतो तो या दोन थरांचा मिळून झालेला रंग. त्यामुळे निरोगी दात किंचित पिवळसर किंवा हस्तिदंती असणे हे स्वाभाविक आहे. वाढत्या वयात एनॅमल झिजून पातळ होते, आतले डेंटिन घट्ट आणि गडद होते, म्हणून पन्नाशीतले दात विशीतल्या दातांपेक्षा पिवळे दिसतात.

सात-आठ वर्षांच्या मुलांच्या पालकांना हीच शंका वेगळ्या रूपात छळते. मुलाचे नवे दात पिवळे का, असे ते विचारतात. दुधाचे दात मुळातच अधिक पांढरे असतात आणि त्यांच्या शेजारी आलेला कायमचा दात पिवळट भासतो. यात आजार नाही. सगळे दात बदलले, की हा फरक जाणवेनासा होतो.

एनॅमलविषयी एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवायला हवी. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंतच काम करतात. हाड मोडले तर जुळते, त्वचा कापली तर भरून येते. झिजलेले एनॅमल मात्र पुन्हा उगवत नाही. दातांच्या शुभ्रतेसाठी केल्या जाणाऱ्या प्रत्येक उपायाकडे याच कसोटीतून पाहणे आवश्यक आहे.

वरवरचे डाग

सर्वाधिक आढळणारे डाग दाताच्या पृष्ठभागावरचे असतात. दातांवर लाळेतील प्रथिनांचा एक पातळ पापुद्रा सतत तयार होत असतो. चहा-कॉफीतील टॅनिन, सुपारी आणि काताचा रंग, विडी-सिगारेटच्या धुरातील चिकटा या पापुद्र्यात मुरतात. दात नीट घासले गेले नाहीत, तर त्यावर जीवाणूंचा थर जमतो, लाळेतील क्षारांमुळे तो टणक होतो आणि त्याचे कीटण बनते. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूस, जिथे लाळग्रंथींची तोंडे आहेत, तिथे ते लवकर साचते. कीटणाचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने त्यावर डाग आणखी पक्के बसतात.

काही डाग औषधांमुळेही पडतात. हिरड्यांच्या आजारात दिले जाणारे क्लोरहेक्सिडिनचे माउथवॉश काही आठवड्यांहून अधिक काळ वापरल्यास दातांवर तपकिरी छटा येते. ती निघणारी असते. तरीही दंतवैद्याने सांगितलेल्या मुदतीपलीकडे असे औषध स्वतःहून चालू ठेवू नये. लोहाच्या पातळ औषधांनी मुलांचे दात काळपट होतात. अशा वेळी औषध बंद न करता ते जिभेच्या मागच्या भागावर द्यावे, नळीने प्यायला द्यावे आणि नंतर चूळ भरायला लावावी.

या सर्व प्रकारांत पहिला उपाय ब्लीचिंग नव्हे, तर साफसफाई हा आहे. स्केलिंग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रक्रियेत ध्वनिलहरींच्या कंपनांनी कीटण सुटे केले जाते आणि पाण्याच्या फवाऱ्याने धुतले जाते. त्यानंतर मऊ ब्रश किंवा रबराच्या वाटीने पॉलिशिंग करून पृष्ठभाग गुळगुळीत केला जातो. ज्यांना दात फार पिवळे झाल्याची तक्रार असते, त्यांच्यापैकी कित्येकांचे काम इथेच संपते.

स्केलिंगने दात हलू लागतात, हा समज घरोघरी आढळतो. वास्तव नेमके उलटे आहे. कीटणाखाली हिरडी सुजलेली असते आणि हाड हळूहळू झिजत असते. कीटणाचा थर सैल झालेल्या दातांना एकमेकांशी जखडून ठेवतो. तो निघाल्यावर दात हलताना जाणवतात, दातांमध्ये फटी दिसतात आणि दोष साफसफाईच्या माथी येतो. खरे तर नुकसान आधीच झालेले असते. स्केलिंगने ते उघड केलेले असते.

मिश्रीचा काळा थर

महाराष्ट्रातील दातांच्या डागांची चर्चा मिश्रीशिवाय पूर्ण होऊ शकत नाही. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, कुटून त्याची पूड करायची आणि सकाळी बोटाने ती दातांना, हिरड्यांना चोळायची, ही सवय गावांइतकीच शहरांच्या वस्त्यांतही टिकून आहे. अनेक घरांत तिला व्यसन मानलेच जात नाही. ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला नाही म्हणणारी स्त्री दिवसातून दोन-तीनदा मिश्री लावत असते. दात स्वच्छ करण्यासाठी म्हणून ती लावली जाते आणि नेमके तिनेच दात काळे पडतात.

प्रश्न केवळ रंगाचा नाही. मिश्रीतील निकोटीन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जाते. मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. या स्त्रियांमध्ये धूरविरहित तंबाखूचा सर्वाधिक आढळलेला प्रकार मिश्री हाच होता. असा तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन इतर बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरले. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिश्रीपर्यंत हा नियम पोहोचत नाही.

गुटखा आणि मावा यांचीही गोष्ट तीच. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. तरी आधीच्या सवयीचे लालसर काळे डाग अनेकांच्या दातांवर आहेत. तंबाखू नसलेली सुपारी निरुपद्रवी असते, हाही गैरसमजच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत केला.

म्हणूनच तंबाखू किंवा सुपारीचे डाग काढायला गेलेल्या व्यक्तीने दातांइतकीच तोंडाच्या आतल्या भागाचीही तपासणी करून घ्यावी. गालाच्या आत, जिभेच्या कडेला किंवा हिरडीवर न पुसला जाणारा पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम, तिखट सहन न होणे, तोंड पूर्वीइतके न उघडणे ही लक्षणे दिसल्यास दात पांढरे करण्याचा विचार बाजूला ठेवून तातडीने तज्ज्ञांकडे जावे. तोंडाचा कर्करोग लवकर लक्षात आला, तर बरा होण्याची शक्यता खूप वाढते. आणि सवय सुटली नाही, तर काढलेले डाग काही आठवड्यांतच परत येतात. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे.

पाण्याने दिलेला डाग

काही जण आयुष्यात कधी तंबाखूला शिवलेले नसतात, चहाही बेताचाच घेतात, तरी त्यांच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी ठिपके असतात. घासून ते जात नाहीत. कारण हे डाग दातावर नसून दातात असतात. यांपैकी एक मोठा गट फ्लुओरोसिसचा.

या डागाचा शोध लागायला तीन दशके गेली. फ्रेडरिक मॅके हे तरुण दंतवैद्य १९०१ साली अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी आले, तेव्हा तिथल्या अनेक रहिवाशांचे दात तपकिरी असल्याचे त्यांना आढळले. पिण्याच्या पाण्याशी याचा संबंध असावा, असे त्यांचे मत झाले. पण पाण्यातला नेमका घटक सापडेना. अखेर १९३१ साली एच. व्ही. चर्चिल या रसायनतज्ज्ञाने पाण्यातील फ्लोराइडचे जादा प्रमाण उघड केले.

महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांत भूजलातील फ्लोराइड ही जुनी समस्या आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. कायमचे दात घडत असताना, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, याहून जास्त फ्लोराइड पोटात जात राहिले तर एनॅमल सच्छिद्र बनते आणि पुढे त्या छिद्रांत रंग मुरतो. बालपण अशा गावात गेलेले तरुण शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्या-मुंबईत येतात, तेव्हा त्यांच्याकडे ‘दात न घासणारा’ म्हणून पाहिले जाते. हा अपमान अकारण आहे. तो डाग अस्वच्छतेचा नाही, पाण्याचा आहे.

अशा गावांतील पालकांनी पाणी उकळून प्यायल्याने फ्लोराइड जात नाही, हे समजून घ्यायला हवे. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. पाण्याची तपासणी, पर्यायी स्रोत किंवा फ्लोराइड काढणारी यंत्रणा हाच मार्ग होय. मात्र यावरून फ्लोराइडयुक्त टूथपेस्टला घाबरण्याचे कारण नाही. योग्य मात्रेतील फ्लोराइड दात किडण्यापासून वाचवते. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरेशी असते. ती गिळली जाणार नाही, याकडे लक्ष द्यावे.

फ्लुओरोसिसचे सौम्य डाग मायक्रोअॅब्रेजनने, म्हणजे सौम्य केलेले आम्ल आणि बारीक पूड यांच्या साहाय्याने एनॅमलचा अतिशय पातळ थर काढून, बरेच कमी करता येतात. हे काम दवाखान्यातच व्हायला हवे. त्याच्या जोडीला ब्लीचिंग किंवा छिद्रांत रेझिन भरण्याची पद्धत वापरली जाते. डाग खोल असतील, तर ते झाकावे लागतात.

औषध, मार आणि कीड

आतल्या डागांचे आणखी एक कारण टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक. गर्भावस्थेच्या उत्तरार्धात आईने किंवा आठ वर्षांखालील मुलाने ते घेतल्यास घडणाऱ्या दातांतील कॅल्शियमशी त्याचा संयोग होतो आणि दातांवर पिवळे, तपकिरी वा करडे आडवे पट्टे उमटतात. हा धोका माहीत झाल्यावर मुलांना हे औषध देणे टाळले जाऊ लागले. तथापि आज मध्यमवयीन असलेल्या काहींच्या दातांवर त्याच्या खुणा कायम आहेत.

एकच दात करडा किंवा काळपट होत असेल, तर विशेष सावध व्हावे. लहानपणी खेळताना लागलेल्या माराने दाताची नस मृत होते आणि कित्येक वर्षांनी रंग बदलतो. अशा दाताचा एक्स-रे काढून गरज असल्यास रूट कॅनॉल उपचार करावे लागतात. त्यानंतर दाताच्या आत औषध ठेवून त्याला आतूनच उजळता येते. त्यावर बाहेरून कितीही पेस्ट घासली तरी उपयोग होत नाही. दाढेच्या खाचेतला काळा ठिपकाही दरवेळी डाग नसतो, ती कीड असू शकते.

ब्लीचिंग : शक्यता आणि मर्यादा

साफसफाईनंतरही दात पिवळे वाटत असतील, तोंडात कीड वा हिरड्यांचा आजार नसेल, तर ब्लीचिंगचा विचार करता येतो. यात हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा त्यात रूपांतरित होणारे कार्बामाइड पेरॉक्साइड वापरतात. ते एनॅमलमधून आत शिरते आणि रंगीत रेणूंचे विघटन करते. दात खरवडला जात नाही.

याचे दोन मुख्य प्रकार आहेत. दवाखान्यातील ब्लीचिंगमध्ये हिरड्या झाकून २५ ते ४० टक्क्यांचे तीव्र पेरॉक्साइड लावतात आणि तासाभरात फरक दिसतो. त्यासोबत वापरल्या जाणाऱ्या निळ्या प्रकाशामुळे अंतिम परिणामात टिकाऊ भर पडते, असे ठोसपणे सिद्ध झालेले नाही. दुसऱ्या प्रकारात दातांच्या मापाचा पातळ ट्रे बनवून दिला जातो आणि त्यात साधारण १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल घालून तो रात्री लावायचा असतो. ही पद्धत १९८९ साली प्रथम सविस्तर मांडली गेली. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, पण तो सौम्य आणि भरवशाचा असतो.

मर्यादाही स्पष्ट आहेत. पिवळे व तपकिरी दात चांगले उजळतात. करड्या छटेचे दात फार कमी. टेट्रासायक्लिनच्या डागांना काही महिने लागू शकतात. सिमेंट, कॅप किंवा कृत्रिम दातांचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही. त्यामुळे पुढच्या दातात भराव असेल, तर आजूबाजूचे दात उजळल्यावर तो उठून दिसतो. उपचारानंतर लगेच दात जास्तच पांढरे दिसतात, कारण ते थोडे सुकलेले असतात. काही दिवसांत रंग स्थिरावतो. परिणाम साधारण एक ते तीन वर्षे टिकतो, तोही सवयींवर अवलंबून.

दात शिवशिवणे आणि हिरड्यांची जळजळ हे नेहमीचे त्रास असून बहुधा काही दिवसांत थांबतात. गर्भवती आणि स्तनदा मातांनी हा उपचार टाळावा. युरोपीय संघाने २०११ साली केलेल्या नियमानुसार ०.१ ते ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची उत्पादने पहिल्यांदा दंतवैद्याच्या देखरेखीखालीच वापरावी लागतात आणि १८ वर्षांखालील व्यक्तींवर ती वापरता येत नाहीत. सौंदर्यप्रसाधनगृहात किंवा मॉलमधील टेबलावर दहा मिनिटांत दात पांढरे करून देण्याच्या आमिषाला भुलण्यापूर्वी ही सावधगिरी आठवावी.

ब्लीचिंगने न जाणाऱ्या डागांसाठी व्हिनीअर किंवा कॅपचा पर्याय उरतो. व्हिनीअर म्हणजे दातावर बसवलेली चिनी मातीची वा रेझिनची पातळ चकती. तिच्यासाठी बहुतेक वेळा दात थोडा घासावा लागतो आणि काही वर्षांनी ती बदलावी लागते. निरोगी दाताचा एनॅमल एकदा घासला, की मागे फिरता येत नाही. म्हणून हा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा.

स्वयंपाकघरातले प्रयोग

लिंबाची फोड दातांवर चोळणे हा सर्वांत घातक उपाय. एनॅमल साधारण ५.५ पेक्षा कमी सामूला विरघळू लागते आणि लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ च्या आसपास असतो. पहिले दोन दिवस दात चकाकतात, कारण वरचा थर विरघळलेला असतो. पुढे एनॅमल पातळ होऊन आतले पिवळे डेंटिन अधिकच दिसू लागते. राखुंडी, विटेची पूड, जाडे मीठ आणि कोळशाची पूड यांनी डाग निघतो तो खरवडून. कोळशाच्या उत्पादनांविषयी उपलब्ध अभ्यासांचा आढावा २०१७ साली अमेरिकी दंतवैद्यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात सुरक्षितता आणि परिणामकारकता या दोन्ही दाव्यांना पुरेसा पुरावा आढळला नाही. खाण्याचा सोडा तुलनेने कमी खरवडतो, पण तो फक्त वरवरचे डाग फिकट करतो आणि त्यात फ्लोराइड नसते.

‘व्हाइटनिंग’ लिहिलेल्या बहुतेक टूथपेस्टही वरवरचेच डाग काढतात. काहींत निळ्या रंगाचा अंश असतो; कपड्यांना नीळ दिल्यासारखा तो पिवळेपणा तात्पुरता झाकतो. जोराने, आडवे आणि कडक ब्रशने घासल्यास हिरडीजवळ दाताला खाचा पडतात, तिथे डेंटिन उघडे पडते आणि दात पूर्वीपेक्षा पिवळा दिसू लागतो.

हे ध्यानात ठेवा

० मऊ ब्रश आणि फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा, दोन मिनिटे दात घासावेत.
० चहा-कॉफीनंतर पाण्याने चूळ भरावी. आंबट पदार्थ किंवा शीतपेय घेतल्यावर किमान अर्धा तास दात घासू नयेत.
० डाग दिसल्यास प्रथम तपासणी, मग स्केलिंग आणि त्यानंतर गरज उरल्यासच ब्लीचिंग, हा क्रम पाळावा.
० ब्लीचिंगपूर्वी दंतवैद्याला तीन गोष्टी विचाराव्यात : डाग बाहेरचा की आतला, किती छटांचा फरक अपेक्षित आहे आणि तोंडातील जुन्या भरावांचे काय होईल?
० एकच दात काळा पडणे, दोन आठवड्यांहून जुनी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा यांकडे दुर्लक्ष करू नये.
० खर्चाची अडचण असल्यास मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा मुंबईतील नायर दंत महाविद्यालयात तपासणी करून घेता येते.

दात किती पांढरे असावेत, याचे माप जाहिरातीत नसते. कीड नसलेले, हिरड्यांतून रक्त न येणारे आणि किंचित पिवळसर असलेले दात निरोगीच असतात. ज्याला त्याहून उजळ दात हवे असतील, त्याने ते जरूर करून घ्यावेत; मात्र आपला डाग काय सांगतो आहे, हे आधी तपासून.